कालिंदाची समाधी

"आई, आधी तू उतरतेस की मी उतरू?"

नानांनी असं विचारल्यावर जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसणारच. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, आणि मला आई म्हणणारे वामन हुदलीकर, म्हणजे आमचे नाना, सत्तरीला टेकलेले. पांढरीशुभ्र दाढी, तीही स्वतःची. मी काही हसले नाही. मी खड्ड्यात वाकून बघत होते.

"तुम्हीच उतरा नाना. तुम्ही मोठे."

"वा. मुलगा आईच्या आधी समाधीत? लोक शेण घालतील माझ्या तोंडात."

'सप्तमायेचा गड' नावाची एक मालिका त्या काळात घरोघर चालायची. राक्षस, उडते पलंग, बोलणारे नाग, सगळा मसाला. त्यात मी चेटकिणीची दासी होते, कालिंदा. आठवड्याला चार वाक्यं आणि पंखा धरून उभं राहायचं. एका भागात त्या दासीने राणीसाठी ठेवलेलं अमृत ताक समजून पिऊन टाकलं. ही चुकून अमर झालेली बाई लोकांना इतकी आवडली की चॅनेलने तिची वेगळी मालिका काढली. स्पिन-ऑफ म्हणतात त्याला. वाढत्या झाडाची फांदी तोडून दुसरीकडे लावायची आणि देवाचं नाव घ्यायचं.

दर शनिवारी कालिंदाला कुणीतरी मारायचं आणि दर शनिवारी ती उठून बसायची. मला विहिरीत टाकलं, कड्यावरून ढकललं, विष पाजलं, भिंतीत चिणलं. तिचा मुलगा मात्र साधा माणूस. त्यामुळे तो म्हातारा झाला आणि ती तरणीच राहिली. तो मुलगा म्हणजे नाना. सेटवर आई आई म्हणता म्हणता त्यांना सवयच लागली. जेवायच्या सुट्टीतही, "आई, लोणचं सरकव."

फांदी काही जगली नाही. पावसाळ्यात सुरू झालेली मालिका दिवाळीच्या आधी बंद करायचं ठरलं. आता न मरणाऱ्या बाईचा शेवट करायचा कसा? लेखकाने डोकं चालवलं. कालिंदा जगून जगून थकते आणि जिवंत समाधी घेते. म्हातारा मुलगा म्हणतो, मी आईला एकटी सोडणार नाही. दोघं एकत्र आत जातात, वरून शिळा बसते, समाप्त.

त्यासाठी आम्ही साताऱ्याकडच्या एका उघड्या टेकडीवर आलो होतो. मुरमात खड्डा खणला होता. आतून प्लायवूड लावून दगडी भिंतीसारखा रंगवलेला. दोन माणसं मांडीला मांडी लावून बसतील एवढीच जागा. शिळा खरं तर फायबरची होती. पण टेकडीवर वारा असा की ती दोनदा पतंगासारखी उडाली, एकदा तर ड्रोनवाल्याच्या अंगावर. मग पराग शेवडेने, म्हणजे आमच्या दिग्दर्शकाने, खालच्या खाणीतून खरी शिळा आणवली. आठ माणसांनी दांड्या लावून ती वर आणली, तेव्हा त्यांच्या मानेच्या शिरा मी बघितल्या होत्या. माझी भीती तिथून सुरू झाली.

"पराग, ही नको रे," मी म्हटलं.

"अगं, एक अभंग होईपर्यंतच. अभंग संपला की कट. आठ जण इथेच उभे आहेत. हवेला नळी आहे." त्याने दाखवलं. समाधीच्या उशाला कलाविभागाने छोटंसं तुळशीवृंदावन बांधलं होतं. त्याच्या कोनाड्यात नळीचं तोंड लपवलेलं. नळी तिथून जमिनीखालून वळत खड्ड्यात उतरत होती. "कॅमेऱ्यात दिसायला नको म्हणून कोनाड्यात घेतली. आयडिया कशी आहे?"

आयडिया चांगली होती. आम्हा सगळ्यांनाच चांगली वाटली.

"आणि काही झालं तर?"

"वॉकीटॉकी आहे ना आत."

गावातलं भजनी मंडळ बोलावलं होतं, टाळ, मृदंग, सगळं खरं. परागला तो आवाज तिथल्या तिथे टिपायचा होता. म्हणून वरचे सगळे वॉकी आणि फोन बंद ठेवायचे, हे त्यानेच सकाळी बजावलं होतं. मग आतला वॉकी ऐकणार कोण, हा प्रश्न त्याला पडला नाही. मलाही नाही पडला.

गावकऱ्यांना त्याने आणखी एक सांगितलं. "आतून कालिंदाचा आवाज आल्यासारखं आपण नंतर दाखवणार आहोत. तेव्हा काहीही आवाज आला तरी दचकायचं नाही. हात जोडायचे, भक्तिभावाने. आणि मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

शेवंतामावशी गर्दीत पुढेच उभी होती. मी रोज तिच्या घरी कपडे बदलायला जायचे. मुंबईच्या पोरी काय खातात काय नाही म्हणून ती मला ओरडायची आणि पाठवायची नाही, भाकरी खाल्ल्याशिवाय. ती पुढे आली आणि हळूच म्हणाली, "पोरी, तोंड का उतारलंय?"

"भीती वाटतीय मावशी."

"नगं जाऊ मग."

किती सोपं होतं तिचं. मी म्हटलं, "पगार घेते ना," आणि शिडीवर पाय ठेवला.

नाना आधीच आत बसले होते. त्यांना दमा होता. पंप नेहमी खिशात असायचा, पण समाधीसाठी चढवलेल्या ऋषीच्या वल्कलांना खिसा कुठला? पंप त्यांनी वर मेकअपवाल्याकडे दिला होता. मी विचारलंसुद्धा, "नाना, जमेल ना?"

"घरी मी नुसता म्हातारा असतो पोरी. इथे निदान तुझा मुलगा असतो. न जमवून सांगतो कुणाला?"

मग शिळा सरकली. दगडावर दगड घासल्याचा आवाज झाला, उजेडाची पट्टी बारीक होत गेली आणि संपली.

अंधार म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. डोळे उघडे असून काही फरक पडत नाही. डोक्यावरून टाळ-मृदंगाचा आवाज येत होता, पण जाडजूड गोधडीआडून यावा तसा. मी चाचपडत नळी शोधली. ती माझ्या कानाजवळ होती आणि तिच्यातून गार हवा येत होती. मला जरा धीर आला.

"आई, अंधारात तू छान दिसतेस," नाना म्हणाले.

"गप्प बसा."

अभंग संपला. मी शिळेच्या सरकण्याची वाट बघत राहिले. शिळा सरकली नाही. क्षणभर शांतता झाली, मग घंटा वाजली आणि सगळ्यांनी एकदम वेगळा सूर धरला.

"हे काय?" मी म्हटलं.

नाना ऐकत होते. "आरती," ते म्हणाले. "समाधी झाली, आता आरती. बरोबर आहे त्यांचं. विना आरतीची समाधी असते का?"

"पण कट?"

"आरतीला कट कोण म्हणेल?"

पुढे कळलं की परागने कट म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात बुवांनी ताट उचललं, गावकऱ्यांनी पायातल्या चपला काढल्या. ते बघून आमच्या युनिटच्या लोकांनीही काढल्या, आणि पराग स्वतः हात जोडून उभा राहिला. पुण्याच्या शाळेत शिकलेला, इंग्रजीत शिव्या देणारा माणूस. पण मध्येच आरती तोडायची त्याची छाती झाली नाही. आणि फुकटात इतकं खरं दृश्य मिळतंय म्हणून कॅमेराही चालू राहिला.

एक आरती झाली. दुसरी सुरू झाली. गावात सुरुवात झाली की पाच-सहा होतातच, कुणाला कुठली राहिली असं वाटायला नको.

आणि मग नळीतून वास आला. उदबत्तीचा.

आधी मला बरंच वाटलं. मग घसा खवखवला. वर तुळशीवृंदावन, त्याला कोनाडा, कोनाड्यात जागा. बायका त्यात उदबत्ती नाही लावणार तर काय करणार? माझी आई असती तर तिनेही लावली असती. एक, दोन, मूठभर उदबत्त्या आणि वर कापूर. सगळा धूर वाऱ्याने नळीत ढकलला जाऊन खाली आमच्या तोंडावर येत होता.

नाना खोकायला लागले.

आधी साधा खोकला होता. मग त्यात शिट्टी आली. दम्याची शिट्टी मी आधी ऐकली होती, सेटवर, धुराच्या मशीनपाशी. पण तेव्हा पंप असायचा.

"नाना, हळू श्वास घ्या. हळू."

"घेतो... येत नाही..."

मी वॉकीचं बटण दाबलं. "पराग, शिळा काढा. नानांना दम लागलाय. पराग." नुसती खरखर. मी परत दाबलं, परत ओरडले. मग वरचे वॉकी बंद आहेत हे आठवलं. तोपर्यंत मला वाटत होतं की कुणीतरी बघतंय. कुणीही बघत नव्हतं.

टप टप करून नळीतून काहीतरी सांडलं. मी दचकले. गोड वास आला. कुणीतरी कोनाड्यावर नारळ फोडला होता. मी पदर त्या पाण्यात भिजवला, नानांच्या नाकातोंडावर धरला आणि म्हटलं, "यातून घ्या श्वास. धूर कमी लागेल."

त्यांनी पदर दोन्ही हातांनी धरला. ते हात इतके थरथरत होते की माझा खांदाही हलत होता.

मग धूर थांबला. मला वाटलं, सुटलो. मी नळीपाशी नाक नेलं आणि मला कळलं की धूर थांबला कारण हवाच थांबली होती. वरून झेंडूच्या पाकळ्या आत घसरून आल्या, ओल्या, थंड. हार टाकले होते. कोनाडा फुलांनी बंद केला होता.

"आई," नाना म्हणाले.

मला वाटलं, नेहमीची चेष्टा.

"आई, दार उघड गं. मी नाही करणार परत."

ही चेष्टा नव्हती. तो सत्तर वर्षांचा माणूस कुठल्या तरी कोठीत होता, कुठल्या तरी घरी, आणि दाराबाहेर त्याची आई होती. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "उघडते हं. आत्ता उघडते. रडायचं नाही."

मरणाची भीती मी तीन महिने कॅमेऱ्यासमोर दर आठवड्याला दाखवली होती. डोळे मोठे करायचे, छाती वरखाली करायची. खरी भीती तशी नसते. खरी भीती म्हणजे मला लघवीला लागली होती, दात वाजत होते, आणि डोक्यात एकच विचार चालला होता की हे आधी गेले तर मला त्यांच्या शेजारी बसून राहावं लागेल.

नळीत फुंकर मारली तर पाकळ्या थोड्या हलतात, हे माझ्या लक्षात आलं. जोरात फुंकलं की चिमूटभर हवा परत येते. मी नानांचं तोंड नळीला लावलं. त्यांनी ओढून ओढून श्वास घेतला. दोन घेतले असतील. मग स्वतःहून बाजूला झाले.

"तू ओरड," ते म्हणाले. भानावर आले होते. "नळीतून ओरड. आवाज जाईल वर."

"तुम्ही घ्या आधी."

"एकच भोक आहे वसू. मी चोखत बसलो तर... दोघं जाऊ. ओरड तू."

मी नळीला तोंड लावून जीव खाऊन ओरडले. "वाचवा. शिळा काढा. आम्ही मरतोय."

वरून आवाज वाढला. टाळ जोरात वाजायला लागले. मला आधी कळेना. मग परागचं सकाळचं बोलणं आठवलं. आतून काहीही आवाज आला तरी हात जोडायचे. ते हात जोडत होते. आत कालिंदा बोलत होती आणि ते तिला हात जोडत होते. त्यांना सांगितलं होतं तसंच ते करत होते बिचारे.

मी परत नानांना नळी दिली. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं. त्यांच्या घशातून बारीक शिट्टी येत होती, आणि दोन शिट्ट्यांमधलं अंतर वाढत होतं.

मी परत ओरडले, "पराग, मी वसुधा. मी खरंच बोलतेय." काही नाही. परागपर्यंत आवाज पोहोचतच नसणार. कोनाड्यापाशी कोण असेल? हार घालणाऱ्या बायका. आणि पुढे कोण उभं होतं, ते मला माहीत होतं.

"शेवंतामावशी," मी ओरडले. "मावशी, मी वसू. मला श्वास येईना. मावशी, फुलं काढा."

मी तेच म्हणत राहिले. किती वेळ ते विचारू नका. घसा फाटला. मावशी, मावशी. शेवटी शेवटी तर आवाज निघतच नव्हता. मी नानांचा हात धरला होता आणि तो हात आता थरथरत नव्हता.

पाकळ्या हलल्या. नळीत काहीतरी खसखसलं. बोटं. आणि मग अगदी कानात बोलल्यासारखा आवाज आला, "पोरी, तूच हाईस का गं?"

"मावशी, मरतोय आम्ही."

त्यानंतरचं मी बघितलं नाही, ऐकलंय फक्त. आरती चालू असताना शेवंतामावशी उठली, टाळकऱ्यांमधून वाट काढत गेली आणि तिने मृदंगावर हात ठेवला. सरळ हात. मृदंग थांबला तसे टाळ थांबले. बुवा भडकले. "आरती मोडलीस व्हय गं," म्हणाले. ती म्हणाली, "आत पोरगी गुदमरतीया. देवाचं काय ते मी बगून घीन."

त्या आठ माणसांनी दांड्यासुद्धा लावल्या नाहीत म्हणे. नखं तुटली एकाची.

उजेड डोळ्यांत सुरी घुसल्यासारखा आला. नानांना आधी वर घेतलं. ओठ निळे होते. मेकअपवाला पंप घेऊन धावला, आणि पंप उलटा धरला, इतका तो घाबरला होता. शेवटी मीच त्याच्या हातातून तो हिसकावला. एकदा, दोनदा, तीनदा. मग नानांच्या छातीत काहीतरी उघडल्यासारखा आवाज झाला, आणि ते श्वास घ्यायला लागले.

त्यांचं पहिलं वाक्य काय होतं माहिती आहे? "शॉट झाला का?"

पराग गुडघ्यांवर बसून हमसून हमसून रडत होता. मी शेवंतामावशीच्या कुशीत डोकं खुपसून बसले होते.

"तुम्हाला कसं कळलं मावशी? सगळे तर हात जोडत होते."

"आगं, मीबी जोडलं हुतं," ती म्हणाली. "पन म्हटलं, ही कालिंदा शंभर वर्साची म्हातारी. ती मला मावशी कशाला म्हनंल?"

नानांना तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते मुंबईला परतले, आणि मला वाटलं, प्रकरण संपलं.

पुढच्याच आठवड्यात परागचा फोन आला. शेवटच्या भागाची जाहिरात दाखवली होती, समाधी, गावकरी, आरती. लोक वेडे झाले होते. चॅनेलने ठरवलं, मालिका बंद करायची नाही. कालिंदा समाधी फोडून बाहेर येणार.

"आणि मुलगा?" मी विचारलं.

"तोही. आईच्या पुण्याईने जगणार. नानांना विचारलं मी. ते तर उड्या मारतायत."

"परत त्या खड्ड्यात?"

"वसू, शिळा फायबरची असेल. दोन नळ्या, मोठ्या. डॉक्टर, अँब्युलन्स, सगळं. मी स्वतः शिळेवर हात ठेवून उभा राहीन. फक्त आत बसायचं आणि बाहेर यायचं. शपथ."

मी गेले. नाही कसं म्हणायचं? पोस्टरवर माझा चेहरा होता, इतक्या लोकांचं काम होतं. जाताना गाडीत नाना अखंड बोलत होते. पुढच्या भागात त्यांना तलवारबाजी आहे म्हणे. त्यांच्या मुलीने गल्लीत पेढे वाटले म्हणे.

परागने शब्द पाळला होता. सगळं खरंच नीट होतं. डॉक्टर खुर्चीवर बसलेले, अँब्युलन्सचं दार उघडं, फायबरची शिळा एका हाताने उचलली जाईल अशी. सकाळचं ऊन होतं. खड्ड्याकडे बघितलं आणि मला झेंडूचा वास आला. तिथे एकही झेंडू नव्हता.

"आज मी आधी," नाना म्हणाले. वल्कलांच्या कमरेला त्यांनी पंप खोचला होता, आणि वरून हाताने दाबून धरला होता. "ये गं मागून. काही नाही होत."

ते शिडीवर उलटे वळले. एक पायरी उतरले. दुसरीवर पाय ठेवला आणि थांबले. सगळ्यांना वाटलं, म्हातारा माणूस आहे, जपून उतरतोय. त्यांचं तोंड माझ्याकडे होतं आणि ते हसत होते, तसंच, दात दाखवून. मी त्यांच्या पायांकडे बघितलं. शिडी खडखडत होती. आणि वल्कलांखालच्या त्यांच्या धोतरावर पुढे एक ओला डाग पसरत चालला होता.

ते मला दिसलं, कारण मी समोर उभी होते. कॅमेरा त्यांच्या पाठीमागे होता, युनिट पाठीमागे होतं, गाव पाठीमागे होतं. त्यांनाही कळलं की मला दिसलंय. हसू तसंच राहिलं, डोळे मात्र गयावया करायला लागले.

"कट," मी म्हटलं. माझं काम नव्हे ते. "मी नाही जाणार आत."

"वसू?" पराग धावत आला.

"तिकडेच थांब. पुढे येऊ नकोस." मी अंगावरचा शेला काढला, खाली वाकले, नानांच्या खांद्यावरून तो पुढे नीट पांघरला आणि त्यांचा हात धरून त्यांना वर ओढलं. "मला भीती वाटते. मला मरायचं नाही. मी जाणार नाही, आज नाही आणि उद्याही नाही. करा काय करायचं ते."

मला समजावलं. डॉक्टर समजावायला आले. चॅनेलच्या बाई फोनवर आल्या, आधी गोड, मग कडक. कुणीतरी मागून म्हणालं, अमर बाईचे नखरे बघा. मी तिथेच मुरमात फतकल मारून बसले आणि लहान पोरासारखी मोठमोठ्याने रडले. तेवढा वेळ सगळे माझ्याकडेच बघत होते. नाना शेला गुंडाळून शेवंतामावशीच्या घराकडे चालत गेले, आणि धोतर बदलून आले.

'कालिंदा' तिथेच संपली. वसुधा खैरमोडेच्या भित्रेपणाने चालती मालिका बुडाली, असं आमच्या धंद्यात पुढे कितीतरी वर्षं बोललं गेलं. दोन मोठी कामं त्यामुळे हातची गेली. मी खुलासा केला नाही. करणार तरी काय? मी भ्यायले होते हे तर खरंच होतं. नाना गेल्या वैशाखात गेले, घरी, झोपेत, म्हणून आज सांगतेय.

त्या दिवशी परतताना गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांचं वर्षभराचं काम मी घालवलं होतं, आणि मला वाटलं, आता हे माझ्याशी कधीच बोलणार नाहीत. घाट उतरल्यावर त्यांनी विचारलं, "वसू, खरं सांग. तुला भीती वाटली, की माझं बघून..."

"मला वाटली नाना. हात बघा माझे अजून."

त्यांनी माझा हात हातात घेतला. तो खरंच कापत होता. त्यांनी तो तसाच मांडीवर धरून ठेवला, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

"बरं केलंस," ते म्हणाले. "मला नाही म्हणता आलं नसतं."